फूल कुठे पडलं?

बॅडमिंटनचं फूल रेषेच्या आत पडलं की बाहेर, हे सांगणाऱ्या रेषापंचांना शिकवणारे मास्तर जगातल्या बहुतेक माणसांना बिनडोक समजत. उरलेल्यांशी त्यांची अजून ओळख व्हायची होती. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं," असं कोणी म्हटलं की त्यांचा ओठ वाकडा व्हायचा. "डोळ्यांनीच ना? मग झालंच कल्याण!"

वर्गात पहिल्याच दिवशी ते सगळ्यांना पापणीवरून डोळा बोटाने हलकेच ढकलायला लावत. "हललं ना सगळं? एरवी डोळा दिवसभर उड्या मारतो, तेव्हा का नाही हलत? मेंदू सांभाळून घेतो. पण ऐन उडीच्या क्षणी त्याचीही गडबड होते. फूल पडताना नजर उडाली, तर ती जिकडे उडाली तिकडेच फूल सरकलेलं दिसतं. म्हणून त्याच्यामागे धावू नका, गाढवांनो. पाहुणा यायच्या आत यजमान घरात हवा. नजर आधीच रेषेवर बसलेली हवी."

फूल कुठे पडलं हे दिसलंच नाही, तर रेषापंचाने दोन्ही हातांनी डोळे झाकायचे, अशी खूण असते. मास्तर तिला लपंडाव म्हणत. त्यांनी स्वतः ती उभ्या आयुष्यात कधी केली नव्हती. मागच्या स्पर्धेत त्यांच्या मेहुण्याने केली, तर मास्तरांनी त्याला पंचांच्या यादीतूनच काढायला लावलं. "दिसलं नाही म्हणायला माणूस कशाला? तिथे खुंटी ठोकली तरी चालेल," असं ते चारचौघांत म्हणाले. बायकोने अबोला धरला. मास्तरांनी तेवढ्यात निवांत वाचन उरकून घेतलं.

आज निवडीचा अंतिम सामना होता. जिंकेल ती संघात, हरेल ती घरी. मास्तर स्वतः मागच्या रेषेच्या टोकाला खुर्ची टाकून बसले होते. रेषेच्या बाहेरच्या अंगाला, पहिल्याच बाकावर, नेमका मेहुणा येऊन बसला होता. आला असेल शिकायला, मास्तरांनी मनात म्हटलं.

सामना शेवटच्या गुणावर आला. उंच मुलीने फूल मागे उंच टोलवलं. समोरची बुटकी ते बाहेर जाईल म्हणून सोडून बाजूला झाली. फूल रेषेकडे उतरू लागलं आणि मास्तरांना राहवलं नाही. बघ लेका, पंच कसा असतो ते! त्यांनी मेहुण्याकडे एक तुच्छ कटाक्ष टाकला.

त्याच क्षणी फूल पडलं.

"आऊट!" मास्तरांनी दोन्ही हात फैलावले. फूल रेषेबाहेर चांगलं वीतभर पडलेलं त्यांना लख्ख दिसलं होतं. आता ते घरंगळून बाकाखाली गेलं होतं.

उंच मुलगी रडवेली होऊन धावत आली. "आत होतं! खरंच आत होतं!"

मुख्य पंच उंच खुर्चीवरून वाकला. "मास्तर, नक्की ना?"

"मी माझ्या डोळ्यांनी..." मास्तर अडखळले.

मेहुण्याची आणि त्यांची नजरानजर झाली होती. फूल पडताना मास्तर कुठे बघत होते, हे साऱ्या सभागृहात त्या एकट्याला माहीत होतं. नजर बाहेर उडाली होती, फूलही बाहेर दिसलं होतं. वर्गातल्या एखाद्या गाढवाने हे सांगितलं असतं, तर मास्तरांनी त्याची सालटी काढली असती.

मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. नक्की म्हटलं की तिचा खेळ संपला. मेहुणा बोलणार नव्हता. तेवढा सभ्यपणा त्या मूर्खात होता, आणि त्याचाच मास्तरांना संताप आला.

त्यांनी फैलावलेले हात सावकाश जवळ आणले आणि डोळ्यांवर ठेवले.

सभागृहात कुजबुज झाली. मागून कोणीतरी खिदळलं. "पुन्हा खेळा!" मुख्य पंच ओरडला. मुली जागेवर गेल्या, तरी मास्तरांचे हात खाली येईनात. काढले की समोर मेहुणा दिसणार होता. तो हसत असता तर बरं झालं असतं.