पूर्ण होण्याची तारीख

तिने तळ्यात घुसलेला रस्ता ओढून काठावर आणला, तशी पडद्यावरची लाल रेघ पुसली गेली. रस्ता पाण्यातून जातो, अशी मास्तरची तक्रार होती. मास्तर म्हणजे नकाशातल्या चुका आपोआप हुडकणारे टूल. हे नाव ऑफिसानेच ठेवलेले. नकाशातल्या प्रत्येक रस्त्याला, इमारतीला, दुकानाला माहितीचे टॅग लावलेले असतात. त्यांत कुठे मेळ बसला नाही की मास्तर लाल रेघ ओढतो, आणि त्या रेघा निस्तरत बसणे हे तिचे काम. सकाळपासून तिची मान आखडली होती. मास्तरला ना भूक ना झोप, त्याच्या नादी माणसाने लागायचे तरी किती!

आज मात्र ती एका रेघेची वाट पाहत होती.

शहराच्या टोकाला एक अर्धवट इमारत होती. टॅग होता ‘बांधकाम सुरू’, आणि सोबत पूर्ण होण्याची तारीख. ती उलटली की मास्तर विचारायचा, इमारत झाली का? खरे तर तेव्हा चौकशी करून ‘पूर्ण’ किंवा ‘पडीक’ असे लिहायचे. पण कामाच्या रगाड्यात सगळ्यांनीच एक पळवाट शोधली होती. तारीख पुढे ढकलायची, की मास्तर गप्प. तिनेही त्या इमारतीची तारीख कितीदा ढकलली होती, आणि तिने टाकलेली शेवटची तारीख नुकतीच उलटली होती. तिथलेच चौथ्या मजल्यावरचे, सकाळी ऊन येणारे घर तिने आणि नवऱ्याने लग्न झाल्या झाल्या घेऊन ठेवले होते. आता त्यांच्या मुलीचे दुधाचे दात पडायला लागले होते.

“अगं, कुठवर आलीस?”

मागे तपासनिसांची प्रमुख उभी होती. तिच्या नजरेतून काही निसटत नसे, म्हणून तिला पाठीमागे सगळे चाळणी म्हणत.

“संध्याकाळपर्यंत होईल, ताई.”

“तारखा ढकलून उरकू नकोस म्हणजे झालं. मास्तरला फक्त मेळ बसलेला हवा असतो. खरं काय नि खोटं काय, ते त्याच्या बापाला कळत नाही.”

ती कसनुसे हसली.

रविवारी ती आणि तिचा नवरा इमारत बघून आले होते. फाटकाला गंजलेले कुलूप, तळमजल्यात साचलेले पाणी, आणि त्यांच्या मजल्यावर भिंतीतून उगवलेले झाड. नवरा मोठ्याने हसला होता.

“बघ, आपल्या आधी तेच राहायला आलं. मी तर या घरावर केव्हाच पाणी सोडलंय. तूच जीव अडकवून बसलीयस.”

त्याचे खरेच होते. सध्याच्या भाड्याच्या घराच्या मालकीणबाईंनी पाच वर्षांचा करार आणून दिला होता आणि उद्या दुपारपर्यंत उत्तर मागितले होते. नाहीतर दुसरे भाडेकरू तयारच होते. नवरा रोज म्हणायचा, सही करून मोकळी हो. तिचाच हात उचलत नव्हता. पाच वर्षे म्हणजे आपले घर होणार नाही हे आपल्याच हाताने लिहून देणे. पण आता तीही थकली होती. आज ती रेघ आली की ‘पडीक’ लिहायचे आणि घरी जाऊन सही करायची, असे तिने मनाशी पक्के केले होते.

यादी संपली. ती रेघ आलीच नाही.

तिला वाटले, नजरचुकीने सुटली असेल. तिने इमारत शोधून काढली आणि तिच्यातले जुने बदल उघडले. तारीख पुढच्या वर्षाअखेरीला गेली होती. बदल रविवारी रात्रीचा होता. बदल करणारा : लंगडा घोडा.

हा नकाशा कोणालाही खाते उघडून बदलता येत असे. मागे पाय मोडून घरी पडला असताना नवऱ्याने तिच्याकडून हे शिकून घेतले होते, आणि स्वतःला हे नाव ठेवून दोन-चार गल्ल्या काढल्या होत्या. पुढे त्याने ते सोडून दिले, असे ती समजून होती. रविवारी रात्री तो फोनमध्ये डोके घालून बसला होता. सामना बघत असेल म्हणून तिने विचारलेही नव्हते.

तिला त्याचा राग आला. ते नाव तिने पुन्हा एकदा वाचले. मग तिने तारीख काढून टाकली, ‘पडीक’ लिहिले, कारणाच्या चौकटीत ‘काम बंद, प्रत्यक्ष पाहिले’ असे टाकले आणि बदल जतन केला. मास्तरने काही हरकत घेतली नाही.

रात्रीची जेवणे झाल्यावर तिने टेबलावर करार पसरला. नवरा भांडी विसळून हात पुसत आला.

“कर बाई एकदाची.”

तिने सही केली आणि कागद त्याच्या सहीसाठी पुढे सरकवला.

“मी आज तिथे पडीक लिहिलं.”

त्याचा हात कागदावरच थांबला.

“तारीख तू ढकलली होतीस,” ती म्हणाली.

“दर वेळी तुझंच नाव दिसायचं तिथे. म्हटलं, या खेपेला तरी तो प्रश्न तुझ्यापुढे येऊ नये.”

“एवढंच?”

त्याने पेन उचलले, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर ओढून पाहिले. चांगले उमटत होते. मग त्याने करार पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. तो त्याला तोंडपाठ होता.

“बाईंनी दुपारपर्यंत म्हटलंय ना?” त्याने मान वर न करता विचारले.

“हो.”

“मग सकाळी करतो.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने त्याच्या हातातले पेन काढून घेतले आणि त्याला टोपण लावले.

“बरं,” ती म्हणाली. “सकाळी कर.”