आपूचा कुत्रा

मित्रांनो, वय झाले तरी मी उभाच आहे. पर्वताला बसायची सोय नसते. अँडीजच्या रांगेत, जिथे बटाट्याखेरीज फारसे काही पिकत नाही, तिथे माझा जन्म झाला. तरुणपणी मी आग ओकायचो. आता डोक्यावर बर्फ आहे आणि स्वभावही निवळला आहे.

माझ्या अंगाखांद्यावर अल्पाका नावाची लोकरी जनावरे चारणारी माणसे मला आपू म्हणतात, म्हणजे डोंगरबाबा. पाऊस माझा, गारा माझ्या आणि कोल्हा म्हणजे माझा पाळलेला कुत्रा, असे ती पिढ्यान्‌पिढ्या मानतात. खरे सांगू? तो कोल्हा माझे काडीचेही ऐकत नाही. उलट रोज माझ्याच अंगावर तंगडी वर करतो.

दर फेब्रुवारीत तिओदोरा आजी मला कोकाची पाने आणि मक्याची फेसाळ आंबील वाहते. यंदा मात्र ती हात हलवत आली. बरोबर नवरा फाउस्तिनो आणि अल्पाकाचे एक पांढरे पिल्लू होते.

"आपू, तुझ्या कुत्र्यानं माझी तीन पिल्लं खाल्ली!" ती कडाडली. "चाळीस वर्षं तुला पाजतेय, आणि तुला साधं कुत्रं बांधता येत नाही? हे चौथं गेलं ना, तर कळप विकून लेकीकडे शहरात जाईन. मग बस ढग पीत!"

"अगं, हळू बोल," फाउस्तिनो टोपी सावरत म्हणाला. "गारा टाकेल तो."

"टाकू दे! तेवढ्याला बरा हात उठतो त्याचा."

हिच्या आधी हिची आई मला ओरडायची, तिच्या आधी आजी. ही गेली तर मला हाक मारणारे कोण उरणार?

तेवढ्यात खडकामागे कोल्ह्याचे कान दिसले. पिल्लू दहा पावलांवर होते. मी सारा जीव एकवटला. हजारो वर्षांत जमले नव्हते, पण एक धोंडा सुटला! तो गडगडत कोल्ह्याच्या शेपटीला चाटून गेला. कोल्हा धूम पळाला, आणि धोंडा थेट फाउस्तिनोने बाजूला ठेवलेल्या गाठोड्यावर आदळला. त्यात बायकोच्या नकळत माझ्यासाठी आणलेले आंबिलीचे मडके होते.

तिओदोराने फेसाळलेल्या मातीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

"घाई बघा या म्हाताऱ्या आपूची! मडक्यासकट प्यायला. पण काम केलं हो!"

कळप विकायचे नाव तिने पुन्हा काढले नाही. दुसऱ्या दिवशी ती नवे मडके घेऊन आली. अर्धी आंबील माझ्या पायांवर ओतली, अर्धी झाकून परत नेली. "उरलेली कुत्रं बांधल्यावर," म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही आसपास डोंगर असतील. त्यांना जपा. ते जमत नसेल तर निदान भांडायला तरी जा. बोलणी आम्ही पचवतो, एकटेपणा पचत नाही. आणि कोल्हा बांधायची युक्ती कुणाला ठाऊक असेल तर लवकर कळवा. माझे अर्धे मडके अजून यायचे आहे.