अख्खा वडा

श्रीहरीने न्हाणीतला नळ मोठा सोडला, आरशासमोर वाकला आणि उजव्या हाताची बोटं उभी करून तोंडात घातली. दोन गेली. तिसरं दातांवर अडलं.

स्वयंपाकघरातला लहान चमचा, लेक मयुरी रांगत होती तेव्हा तिला पेज भरवायला घेतलेला, आठ दिवसांपासून जागेवर नव्हता. कुणी तो शोधला नाही.

चंद्रपुरात शकुबाईच्या खानावळीत, गल्ल्यामागच्या भिंतीवर श्रीहरीचा एक फोटो आहे. डोळे मिटलेले, दोन्ही गाल फुगलेले, ओठांबाहेर वड्याची कड.

मयुरीच्या तिसरीच्या वहीत, शुद्धलेखनात सुवाच्य: ‘माझे बाबा इलेक्ट्रिशियन आहेत. माझे बाबा सर्व काही खातात.’ खाली बाईंची लाल खूण.

“रीताचा हात गेला, राजेहो. चवच नाई राह्यली.” हे श्रीहरी बायकोबद्दल सिमेंट कंपनीच्या गेटवर म्हणाला होता, चारचौघांत.

गडचांदुरात कुणाला बाहेरगावी जायचं असलं की तो आधी श्रीहरीला विचारी. राजुऱ्यात पाटोडीचा रस्सा कुठे, मूलच्या रस्त्यावर झिंग्याची चटणी कोण ठेवतं, बल्लारपुरात बिर्याणी खाऊ नये ते कुठे, हे सगळं त्याला तोंडपाठ. बरं, नुसता खाणारा नव्हे. रविवारी चूल त्याची. बांबूचे कोवळे वास्ते चिरावेत तर त्याने, मरळ मासा राखेने घासावा तर त्याने. हॉटेलात काही आवडलं की दुसऱ्या रविवारी ते घरच्या कढईत उतरलंच म्हणून समजा.

गेल्या दोन वर्षांत मात्र त्याचं तोंड मिटत चाललं होतं. आधी जांभई अर्धीच येऊ लागली. मग तिखट लागलं की गाल आतून भाजल्यासारखे होत. मग एक दिवस पेरूचा चावा घेता आला नाही. चंद्रपूरच्या दातांच्या डॉक्टरने बॅटरी मारून गाल पाहिला, बोटाने चाचपला. “दोरीसारखा झालाय. तीन बोटं मावली पाहिजेत. खर्रा आजपासून बंद.”

खर्रा बंद झाला नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटलेली ती पुडी सकाळी ड्यूटीवर जाताना खिशात असायची आणि संध्याकाळी नसायची. आणि खाणाऱ्या माणसाचं तोंडच उघडत नाही, हे सांगायचं तरी कुणाला? आत सगळं जागं होतं, जीभ, भूक, आठवण. दार तेवढं किलकिलं. मित्रांना तो ड्यूटी सांगे, घरी ॲसिडिटी. रविवारची भाजी तो गाळ होईस्तोवर शिजवी आणि म्हणे, हैदराबादेकडे अशीच करतात.

बाकीचे सहा दिवस रीताचे. तिच्या हातचं आताशा सपक लागे. बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे तळहाताएवढे व्हायचे, ते लहान होत होत रुपयाएवढे झाले.

“वडे करून राह्यली का बोरं?” त्याने एकदा विचारलंही होतं.

“तेल महाग झालं जी,” रीता म्हणाली होती.

त्या रविवारी तो नळ बंद करून बाहेर आला तर ती साडी नेसून तयार.

“साऱ्या गावाले शकुबाईकडे नेता, मले कवा नेता?”

“तिथी लय गर्दी राह्यते.”

“गर्दी का मले खाऊन टाकन? मयुरीले शेजारी सोडलं. चला.”

सबबी शोधता शोधता त्याने गाडीला किक मारली. ती मागे बसली. पिशवी मांडीवर घट्ट.

खानावळीत शिरताच कढईवरून शकुबाईचा आवाज आला.

“श्रीहरीभाऊ! जित्ते हाय का तुमी? मले वाटलं, वाघानं नेलं.”

“ड्यूटी बदलली, बाई.”

“अन् ह्या वहिनी? बाप्पा! मग आज तर होऊनच जाऊ द्या. तो फोटू जुना झाला.” तिने हात पदराला पुसले आणि मोबाईल काढला. “अरे, पाहा रे सारे. अख्खा वडा एका घासात. असा खाणारा चंद्रपुरात दुसरा नाई.”

बाजूच्या टेबलावरची जेवणं थांबली. दोघांच्या पुढ्यात ताटं आली. कोंबडीचा लाल रस्सा, वर तर्रीचा थर, आणि तळहाताएवढे दोन वडे, मधोमध बोटाने पाडलेलं भोक, त्यातून वाफ.

“पोट बरं नाई आज,” श्रीहरी म्हणाला.

“पोटात नाई, तोंडात टाकाचा हाय. पोटाचं पोट पाहून घेईन.”

लोक हसले. तोही ओठ न उघडता हसला. वडा उचलला. या हातातून त्या हातात केला. फुंकर मारली, पुन्हा मारली. मोबाईल वर झाला. कानामागून घामाची एक धार कॉलरीत उतरली. त्याने वडा ओठांना लावला.

दोन बोटं.

कड दातांवर आपटली. कुरकुरीत कण सदऱ्यावर सांडले.

“गरम हाय,” तो म्हणाला. “थांबा जराशे.”

“आधी तर कढईतून काढल्याबरोबर खात होते!” कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात रीताने त्याच्या हातातून वडा काढून घेतला.

“बाई, दरवेळी ह्यांचाच फोटू काऊन? माह्याबी काढा.”

आणि तिने तोंड उघडलं. श्रीहरी पाहत राहिला. इतकं उघडतं माणसाचं तोंड, हे तो विसरला होता. दात, जीभ, पडजीभ, सगळं. वडा बोटांनी दुमडत तिने आत ढकलला. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, एका हाताने तिने तोंड दाबून धरलं. खानावळीत एकच गलका उठला. शकुबाईने तर कपाळाला हात लावला. “अवं माय माय माय! भाऊ, तुमचं तर राज गेलं!”

सगळे रीताकडे पाहत होते. तिचा दुसरा हात टेबलाखालच्या पिशवीत गेला, वर आला, आणि श्रीहरीच्या ताटाच्या कडेला काहीतरी ठेवून परत गेला.

मयुरीचा लहान चमचा.

त्याने तो बराच वेळ उचलला नाही. मग दुसरा वडा रश्शात मोडला, बोटांनी कुस्करला, चमच्याने दातांच्या फटीतून आत सारला. तिखटाने गाल पेटले. पाण्याकडे हात जायच्या आत दह्याची वाटी पुढे सरकली होती.

गलका निवला. लोक आपापल्या ताटाकडे वळले. रीताने घास गिळला आणि पदराने डोळे पुसले.

“कवापासून?” त्याने ताटाकडे पाहत विचारलं.

“दिवाळीचा चिवडा तुमी च्यात भिजवून खाल्ला, तवापासून.” ती रस्सा ओरपू लागली. “मस्त हाय जी. आपल्या घरी नाई होत असा आता.”

त्याला गेटवरचे चार जण आठवले. त्याने पुढचा घास घेतला, त्याच्या पुढचाही घेतला. चमचा लहान होता. जेवण संपायला फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ रीता रिकाम्या ताटावर हात वाळवत बसून राहिली.

बाहेर कोपऱ्यावर पानठेला होता. श्रीहरी दिसताच ठेलेवाल्याने काही न विचारता पन्नीत सुपारी टाकली, तंबाखू टाकला, चुन्याचं बोट फिरवलं आणि पाटीवर घोटायला घेतलं. श्रीहरी गाडीजवळ उभा राहिला. ना पुढे गेला, ना नको म्हणाला.

“घ्या भाऊ.”

पुडी रीताने घेतली. अंगठ्याखाली तिने ती दाबून पाहिली, एकदा पुढे, एकदा मागे, नीट घोटली गेली की नाही हे पाहावं तशी. मग पिशवी उघडून पुडी चमच्याशेजारी ठेवली आणि मागच्या सीटवर बसली.

“चला.”

श्रीहरीने पहिला खर्रा खाल्ला तो चामोर्शीला, मुलगी बघायला गेला त्या दुपारी. पाहुण्यांसाठी तो रीताने घोटला होता.