साहेबांसाठी खरबुजाची भाजी

मंडईत छपराखाली फळं आणि बाहेर उन्हात भाजी, असा नियम. मी बाहेर बटाटे विकतो, तेव्हा ऊन काय असतं ते मला विचारा. माझी मावशी छपराखाली खरबुजं विकायची. एका सोमवारी मंडईच्या साहेबांनी तिला बाहेर काढलं.

"खरबूज काकडीच्या कुळातलं. काकडी भाजी, म्हणजे खरबूजही भाजी," साहेब म्हणाले आणि 'खरबूज: भाजी' अशी पाटी सही करून तिच्या टोपलीवर लावली.

कूळ बघून जागा ठरवणारा माणूस. त्याच्या मेव्हण्याला सफरचंदं मांडायला तीच जागा हवी होती, हे अख्ख्या मंडईला ठाऊक होतं. बोललं कुणी नाही. मीही नाही.

उन्हात खरबूज दुपारपर्यंत मऊ पडतं. मावशीनं त्या दिवशी अर्धी टोपली फेकली. रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "उद्या तुझा स्टोव्ह आण."

साहेबांची सवय अशी की रोज दहाला मावशीपुढे उभं राहायचं आणि चाखायच्या फोडी फुकट हाणायच्या. मंगळवारीही आले. हात पुढे. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

"थांबा साहेब," मावशी म्हणाली. "फळ कापून चाखायला द्यावं, भाजी देऊ नये. पाटीवर सही तुमचीच आहे. भाजी शिजवून देते. बसा."

कढईत कांदा, तिखट, मीठ आणि वर खरबुजाच्या फोडी. पाच मिनिटांत लगदा. तोवर गिऱ्हाइकं जमली होती, त्यामुळे साहेबांना उठून जाता येईना.

पहिला घास त्यांनी गालातच धरून ठेवला.

"गिळा की," मी म्हणालो. कालचं थोडं भरून काढलं.

"कशी झालीय?" मावशीनं विचारलं.

"गोडमिट्ट आहे बाई."

"साखर चिमूटभरही घातली नाही. आता भाजी असेल तर वाटी संपवा. फळ असेल तर तसं लिहून द्या."

साहेबांनी वाटीत पाहिलं. मावशीच्या हातातली पळी पाहिली. मग खिशातून पेन काढलं.

दुपारी मेव्हण्यानं सफरचंदं उचलली आणि मी मावशीच्या टोपल्या आत वाहिल्या. शेवटची टोपली टेकवतोय तोच साहेब हजर. हात पुढे.

मावशीनं सुरी शांतपणे पुसून ठेवली.

"चाखायला गिऱ्हाइकाला देतात, साहेब. बोला, किती किलो बांधू?"