ऐकायला उजेड लागतो

देल्फिनाने बापाला कोपराला धरून तिसऱ्या रांगेत मधोमध बसवलं, त्याच्या गुडघ्यांवर कोट टाकला आणि त्याची हनुवटी आपल्याकडे वळवून म्हणाली,

"आता दीड तास उठायचं नाही. जाऊन यायचं असेल तर आत्ताच जाऊन या."

"मी काय लहान मूल आहे?" ओरेस्ते म्हणाला. आपण हळू बोललो असं त्याला वाटलं होतं. पुढच्या रांगेतली डोकी एकदम मागे वळली तेव्हा त्याला कळलं, आवाज चढला.

नवव्या वर्षी तापात त्याचे कान गेले, त्याला आता बावन्न वर्षं होत आली. बोलणं राहिलं, ऐकणं गेलं. पण रोक्काल्बा गावात त्याला बहिरा म्हणून कोणी गृहीत धरत नसे, उलट जपूनच असत. चौकाच्या एका कोपऱ्यात त्याचं जोडे दुरुस्तीचं दुकान. समोरच्या कोपऱ्यात कोणी कुजबुजलं तरी खिळे ठोकता ठोकता तो ते ओठांवरून उचलायचा. कुजबुजायचं तर ओरेस्तेकडे पाठ करून, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मृतांचा दिवस उलटून दोनच दिवस झाले होते. त्या दिवशी अख्खं गाव शेवंतीची फुलं घेऊन कबरस्तानात गेलं आणि दरवर्षीप्रमाणे ओरेस्ते गेला नाही. आज रविवारी दुपारी तेच गाव चर्चच्या सभागृहात जमलं होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी रोमहून सिनेमावाले दोन ट्रक घेऊन आले होते, गावाच्या डोक्यावरच्या गढीत बारा दिवस राहून त्यांनी एक भुताचा सिनेमा उरकला होता. उरकला हाच शब्द बरोबर. रोमचे नट चारच; बाकी नोकरचाकर, पाहुणे, प्रेतं, सगळी भरती गावातून. तेव्हाच्या पाद्र्याने तो सिनेमा पाप ठरवला, त्यामुळे गावाला तो कधी दिसलाच नाही. जवळच्या वितेर्बो शहरात आठवडाभर लागला आणि गेला. आताचे फादर एजीदिओ हौशी निघाले. त्यांनी रोममधल्या कुठल्याशा तळघरातून त्याची प्रत मिळवून आणली होती.

आणि त्या सिनेमातलं भूत म्हणजे ओरेस्तेची बायको. भुताचं काम करणारी नटी दुसऱ्याच दिवशी भांडून रोमला परतली. दिग्दर्शक डोक्याला हात लावून पायरीवर बसला होता, तेवढ्यात आर्मिदा धुण्याची बुट्टी घेऊन समोरून गेली. तो ताडकन उठला. असा चेहरा पैसे देऊन मिळत नाही, म्हणाला.

त्यानंतर वर्षभरात ती वारली. देल्फिना तेव्हा पाच वर्षांची. आईचा एक फोटो तिच्याकडे होता, एक कंगवा होता, आवाज नव्हता. आवाज कसा होता म्हणून ती सगळ्या गावाला विचारत फिरली. गोड होता, कोणी म्हणालं. थोडा घोगरा, कोणी म्हणालं. बापाला विचारण्यात अर्थ नव्हता, त्याने तो कधी ऐकलाच नव्हता. आज तिने नवा झगा घातला होता आणि घरातून निघताना म्हणाली होती, "एकदा कानावर पडू दे बाबा, मग मी काही मागणार नाही."

ओरेस्ते आला तो पोरीसाठी. आर्मिदाशी त्याचं भांडण होतं आणि ते सव्वीस वर्षं मिटलं नव्हतं. छातीत गाठ आहे हे तिला सिनेमावाले यायच्या आधीच, सप्टेंबरात कळलं होतं. तिने बहिणीला सांगितलं, शेजारच्या पाल्मिराला सांगितलं, पाद्र्याला सांगितलं. नवऱ्याला नाही. त्याला कळलं ते पुढच्या ऑगस्टात, पावाच्या दुकानाबाहेर. काचेआड पाववाला एका गिऱ्हाइकाला सांगत होता, बिचारी आर्मिदा, द्राक्षं उतरेपर्यंत तगली तरी खूप. ओरेस्तेने ते ओठ वाचले आणि तो पाव न घेताच घरी गेला. बहिऱ्याला सगळं शेवटी कळतं हे त्याने आयुष्यभर सोसलं होतं, पण घरातसुद्धा तसंच, हे त्याला सोसवलं नाही. तो तिची सेवा करत राहिला, सूप भरवत राहिला, बोलला मात्र नाही. ती द्राक्षं उतरल्यावरही महिनाभर तगली.

दिवे गेले.

सिनेमा यथातथाच होता. गढीचा तोच बोळ तीनदा वेगवेगळा म्हणून दाखवला, वटवाघळाची तार दिसत होती. पाहुणे वादळात अडकतात, गढीत मुक्काम करतात, एकेक करून मरतात. पण घाबरायला सभागृहात कोणाला सवड होती? पडद्यावर जो येईल त्याच्याकडे बोटं जात होती. ओरेस्तेला बाजूच्या रांगेतल्या म्हातारीचे ओठ दिसत होते: "ते टेबल खानावळीतलं! अजून आहे!" मग: "अगं बाई, फेदेले. केस बघ किती होते मेल्याला." मग हळूहळू बोटं थांबली. फेदेले न्हावी गेला, त्याला सहा वर्षं झाली. मोलकरीण झालेली कसायाची बायको गेली. दार उघडणारा गेला, मशाल धरणारा गेला. पडद्यावर जिवंत पाहुणे भुताला भीत होते आणि खाली बसलेल्या गावाला त्या पाहुण्यांकडे बघवत नव्हतं.

अशा शांततेत ओरेस्ते मोठ्याने हसला.

देल्फिनाने त्याला चिमटा काढला. "काय झालं?"

"फेदेले आकडे मोजतोय."

"काय?"

"एकवीस, बावीस, तेवीस. हातात कवटी आणि मोजतोय आकडे. ती कसायाची बघ. म्हणतेय, पायाचे तुकडे पडले, जेवायला कधी सोडणार हा गाढव."

देल्फिना त्याच्याकडे बघत राहिली. तिला फेदेलेच्या तोंडून काउंटेसच्या खुनाची कहाणी ऐकू येत होती, घुमणाऱ्या, शुद्ध, रोमच्या आवाजात. तेव्हा ओरेस्तेला आठवलं. आर्मिदा तेव्हा म्हणाली होती, आमचा आवाज घेतच नाहीत रे, तो नंतर रोमला दुसऱ्यांचा बसवतात, आम्ही नुसतं तोंड हलवायचं, काहीही बोला म्हणतात. त्याने ते कानाआड केलं होतं. आता त्याच्या मनात आलं की पोरीला हे निघायच्या आधी सांगायला हवं होतं.

फार उशीर झाला होता. जिन्याच्या वरच्या पायरीवर मेणबत्ती घेऊन आर्मिदा उभी होती.

सभागृहात कितीतरी हात कपाळाकडून छातीकडे गेले. देल्फिनाने बापाची बाही घट्ट धरली. पडद्यावरच्या ओठांची हालचाल सुरू झाली आणि थोड्याच वेळात बाहीवरची पकड सुटली. पोरीला काय ऐकू आलं असेल ते ओरेस्तेला न बघता कळलं. तरी त्याने मान वळवली नाही. सगळं सभागृह कुठल्या तरी परक्या बाईचं ऐकत होतं. त्याला मात्र समोर त्याची बायको दिसत होती, खालचा ओठ किंचित डावीकडे ओढत बोलणारी.

तीही मोजत होती. एक, दोन, तीन. नऊपर्यंत गेली आणि थांबली. मग तिने नजर उचलून सरळ समोर पाहिलं.

"ओरेस्ते," ती म्हणाली. "रागावू नकोस."

त्याच्या मांडीवरचा कोट खाली घसरला.

"हे वितेर्बोला लागेल तेव्हा मी तुला घेऊन जाईन. तू तिथे बसलेला असशील. मी वितेर्बोच्या डॉक्टरकडे गेले होते, सुताला गेले म्हणून सांगितलं ते खोटं. तो म्हणाला…"

पडद्यावर एकदम रोमची एक नटी आली, गालांवर हात ठेवून किंचाळणारी. तिच्यानंतर एक मिशीवाला. ओरेस्ते खुर्चीत पुढे सरकला. हात उगारून त्या दोघांना बाजूला सारावं असं त्याला झालं.

"…कापूनही उपयोग नाही म्हणतो," आर्मिदा म्हणत होती. "बाकीच्या बायका दिवा मालवून सांगतात असलं. मला तशी सोय नाही. तुला ऐकायला उजेड लागतो. आणि उजेडात तुझं तोंड समोर असलं की माझी जीभच उचलत नाही. दहा वेळा ठरवलं. इथे बरं आहे. तू अंधारात असशील, मला दिसणार नाहीस."

मेणबत्ती थरथरली. तिने दुसऱ्या हाताचा आडोसा धरला. ओरेस्ते त्या बारा दिवसांत एकदा जेवणाचा डबा घेऊन वर गेला होता, तेव्हा जनरेटरची धडधड त्याच्या तळपायांना लागली होती. त्या धडधडीत तिचं बोलणं कोणाच्या कानी पडलं नसणार. दिग्दर्शक खूश झाला असेल, किती जीव ओतून बोलते बाई म्हणून.

"समजलं असलं तर काही बोलू नकोस," ती म्हणाली. "तिथे अंधारात नुसता माझा हात धर. मला कळेल. मग घरी जाऊ, पोरीचं काय करायचं ते बोलू."

वाऱ्याने मेणबत्ती विझली. पाहुणे बोळातून पळत सुटले, तोच बोळ, चौथ्यांदा.

पुढचं ओरेस्तेने पाहिलं नाही. त्याच्यासमोर चौसष्टचा एप्रिल आला, सिनेमा वितेर्बोला लागला होता तो. ती तपकिरी कोट घालून दुकानाच्या दारात उभी होती. चल ना, म्हणाली. त्याने टाच ठोकता ठोकता मान हलवली. गढीवर काम धरताना तिने त्याला विचारलं नव्हतं, त्याचा राग अजून शिल्लक होता. बहिऱ्याला बोलपट आणि आंधळ्याला आरसा, तो म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदाला हसला. तिने दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्याने वर बघितलंच नाही. वर बघितलं नाही की त्याला ऐकू येत नसे, भांडणात तो हे हत्यार नेहमी वापरायचा. शेवटी ती पाल्मिराला घेऊन गेली. पाचच्या बसने परत आली. त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि बराच वेळ त्याच्या हातांकडे बघत होती.

कसा होता, त्याने विचारलं.

भुताचा होता, ती म्हणाली. लांबलचक. आणि तिने चुलीवर पाणी ठेवलं.

दिवे लागले. लोक खुर्च्या सरकवत उठले. देल्फिनाचं नाक लाल झालं होतं. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तिचा आवाज नव्हता तो," ती म्हणाली. "पाल्मिरामावशी आत्ता सांगते, एक अक्षरसुद्धा तिचं नाही. कोणी तरी रोमची बया. शाप काय देत होती, मराल काय म्हणत होती. उगाच आले मी."

ओरेस्तेने खाली पडलेला कोट उचलायचा प्रयत्न केला. तो त्याच्या हाताला लागेना.

"बाबा." तिला आत्ता कुठे सुचलं. तिने त्याची हनुवटी वळवली. "तुम्ही वाचलंत ना? आई काय म्हणत होती?"

"मोजत होती."

"बस? मोजतच होती?"

"नऊपर्यंत," ओरेस्ते म्हणाला. त्याला आपला आवाज कितपत मोठा आहे याचा अंदाज येईना. "मग तिने माझं नाव घेतलं. तुझंही काढलं. पोरीचं काय करायचं, म्हणाली." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तिने मला सांगितलं होतं, देल्फिना. मीच गेलो नाही."

"काय सांगितलं होतं? कुठे गेला नाहीत?"

"सगळं सांगतो. आधी फादरना म्हण, तेवढं एक रीळ परत लावा."

"अहो, लोक चाललेत. त्यांना प्रत परत पाठवायचीय."

"म्हण त्यांना," तो म्हणाला, आणि दाराशी पोचलेली माणसं वळून बघू लागली. "म्हण, ओरेस्ते पाया पडतो."

फादर एजीदिओंनी बापाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि काही न विचारता ते यंत्राकडे परत गेले. सभागृह रिकामं झालं होतं. शेगडीही विझत आली होती. देल्फिना बापाच्या डाव्या हाताला पुन्हा बसली. दिवा गेला.

फेदेलेने कवटी उचलली, एकवीस, बावीस. कसायाची बायको पायांबद्दल कुरकुरली. जिना आला. आर्मिदा अजून पायऱ्यांवर आली नव्हती, नुसता मेणबत्तीचा उजेड भिंतीवर सरकत होता, तेवढ्यात ओरेस्तेने अंधारात चाचपडून पोरीचा हात धरला, घट्ट, बोटांत बोटं घालून.

त्याला थंडी वाजते आहे असं देल्फिनाला वाटलं. तिने कोट वर ओढून दोघांच्या हातांवर पसरला. काही बोलावं म्हणून त्याची हनुवटी वळवायला गेली, पण त्याने मान वळू दिली नाही. पडद्यावर आर्मिदा नुकती आकडे मोजायला लागली होती.