मधली कोरी पानं

सासूबाईंचं वाचनालय म्हणजे घराचीच पुढची खोली. तिन्ही भिंतींना कपाटं, मधोमध टेबल, आणि टेबलामागच्या खुर्चीत सासूबाई, दाराकडे तोंड करून, आल्यागेल्याचं माप काढत. सासरे गेले तेव्हा लोक म्हणाले होते, आता याला कुलूप लागणार, बाईला जेमतेम दुकानांच्या पाट्या वाचता येतात. बाईनं कुलूप लागू दिलं नाही. पुढे नजरेवर साय धरली आणि पाट्याही गेल्या, तरी गावभर त्यांचा, म्हणजे काकूंचाच, शब्द चालायचा. काकूंनी चांगली म्हटलेली कादंबरी कपाटात टिकत नसे.

त्या शब्दामागे सुनेचा घसा होता.

विक्रेत्याकडून नव्या कादंबऱ्यांचा गठ्ठा पाहायला यायचा. दुपारची जेवणं झाली की सून मोठ्यानं वाचायची आणि सासूबाई डोळे मिटून ऐकायच्या. कंटाळा आला की बोट दुमडून टेबलावर एकच ठोका. ठोका पडला की वाक्य अर्ध्यात असलं तरी पुस्तक मिटायचं आणि गठ्ठ्यातून परत जायचं. भुताच्या कादंबरीला ठोका पडला, कारण भूत पन्नास पानं नुसतं दार वाजवत होतं. त्याला आत तरी घ्या नाहीतर हाकला तरी, असं सासूबाईंचं म्हणणं. प्रेमाच्या कादंबरीतल्या दोघांना कामधंदा नव्हता म्हणून रडायला वेळ होता. अंतराळातली मात्र पसंत पडली. एवढ्या लांब जाऊनही माणसं भांड्यांवरून भांडतात, हे त्यांना पटलं. सुनेच्या डोक्यात मात्र अर्धवट माणसांची दाटी झाली होती. कुणी जिन्यावर थांबलेलं, कुणी कोर्टाच्या पायरीवर, कुणी चंद्रावर उतरता उतरता लटकलेलं. त्यांचं पुढे काय झालं ते तिला कधीच कळायचं नाही.

आणि तिचं स्वतःचंही पुढे सरकत नव्हतं. नवऱ्याची बदली दुसऱ्या शहरात झाली होती. त्यानं तिथे दोघांपुरतं घर घेतलं, स्वयंपाकघराला रंग दिला, आणि दर फोनला विचारायचा, कधी येतेस. ती म्हणायची, आईंना विचारते. आई म्हणायच्या, वाचणारी शोध आणि जा, मी काय तुला दाव्यानं बांधलंय? मग शोधून आणलेली प्रत्येक जण नापास व्हायची. एक नाकात वाचते, एक धावत सुटते, एकीच्या तोंडी खलनायकसुद्धा गोड होतो. शेवटच्या फोनवर नवरा चिडला नाही, हेच वाईट झालं. तो शांतपणे म्हणाला, महिनाअखेर घर सोडतो, कामावरच्या पोरांबरोबर राहीन. रिकाम्या स्वयंपाकघरात दिवा लावायला नको वाटतं.

दुसऱ्याच दुपारी गठ्ठ्यातून एक रहस्यकथा निघाली. गुप्तहेर जवाहिऱ्याच्या दुकानातल्या चोरीमागे लागलेला, आणि त्याची बायको घरी ताट झाकून बसलेली. सून पान उलटते तर पुढचं कोरं. त्यापुढचंही कोरं. छापखान्यात चुकून कोरे कागद बांधले गेले होते.

सांगून टाकायचं की नाही? पण पूर्वी एकदा तिनं डोंगराचं वर्णन गाळलं होतं आणि पकडली गेली होती. तेव्हापासून जरा श्वास घेतला तरी प्रश्न यायचा, "गाळलंस का गं?" कोऱ्या पानांवर सासूबाईंचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. तिनं कोऱ्या कागदावर नजर ठेवली आणि बोलत राहिली. बायकोनं झाकलेलं ताट उचलून ठेवलं. माळ्यावरून तपकिरी बॅग काढली. तिची चेन अर्ध्यात अडकत होती, म्हणून तिच्यावर साबणाची वडी फिरवली. शेजारणीला किल्ली दिली आणि कुणाला न विचारता जाऊन गाडीत बसली. मग छापील मजकूर पुन्हा सुरू झाला आणि गुप्तहेर छपरावरून पळू लागला.

ठोका पडला नाही. सासूबाईंनी पुस्तक शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, ही ठेवायची, दोन जास्त प्रती मागव.

प्रती आल्या, त्यांत कोरं पान एकही नव्हतं, आणि पहिली घड्याळवाले घेऊन गेले. ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि रहस्यकथा कोळून प्यायचे. चार लोकांसमोर त्यांनी पुस्तक परत टेबलावर ठेवलं. काकूंनी त्या गुप्तहेराच्या बायकोचं एवढं कौतुक केलं, पण ती घर सोडते हे यात कुठेच नाही, नुसती दुकानातली झटापट आहे, असं म्हणाले. कपाटामागे सुनेनं हातातलं पुस्तक उलटं लावलं.

"घड्याळंही अशीच बघता का हो?" सासूबाई म्हणाल्या. "मग लोकांच्या गाड्या चुकणारच."

लोक हसले. घड्याळवालेही हसले, पण पानं उलटून पुन्हा पाहत राहिले.

दुसऱ्या दुपारी सासूबाई नवा गठ्ठा बाजूला सारून म्हणाल्या, "तीच घे. ती गाडीत बसली, तिथून पुढे वाच."

"आई, पुढे ती नाहीये त्यात."

"त्यात नाहीये ते घड्याळवाल्यानं सांगितलं. मी तुला विचारतेय."

सुनेनं तोंड उघडलं. गाडी निघाली, खिडकीतून वारा आला, एवढं सांगेपर्यंत सासूबाईंच्या कपाळावरची आठी सुटली, पाय लांब झाले. आणि सुनेच्या लक्षात आलं. आज सांगितलं तर उद्याही सांगावं लागणार. ती बाई रोज दुपारी थोडी थोडी प्रवास करणार आणि आपण या खुर्चीतून उठायचं नाही. आता तर दुसरी वाचणारीही चालायची नाही.

तिनं बोट दुमडलं आणि टेबलावर एक ठोका दिला.

सासूबाईंनी डोळे उघडले. त्या टेबलावर दुसऱ्या कुणाचा ठोका त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"पुढचं मला माहीत नाही," सून म्हणाली. बोट टेबलावर तिथंच होतं. "तिथे पोचल्यावर कळवेन."

दारात कुणीतरी पुस्तक बदलायला आलं. सासूबाईंनी त्याला हातानंच थांबवलं. त्या कपाटांच्या दिशेनं पाहत राहिल्या, जिथलं एक नावही त्यांना दिसत नव्हतं.

"आपल्या माळ्यावरची ती तपकिरी बॅग नेऊ नकोस," शेवटी म्हणाल्या. "साबण लावून काही होत नाही तिला. मी लावून पाहिलाय."