कोंडा कोंबड्यांना, उपास आम्हांला

मी एक जुना जिवाणू आहे. एका शिंप्याच्या मोठ्या आतड्यात माझं बिऱ्हाड आहे. आम्ही दर काही तासांनी एकाचे दोन होतो, त्यामुळे ‘मी’ म्हणजे नेमका कोण, हे विचारून मला अडचणीत आणू नका.

मित्रांनो, माणसाला न पचणारा चोथा हे आमचं जेवण. कोंडा, साली, कांदा, लसूण, डाळी. ते खाऊन आम्ही जे आम्ल बनवतो, त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. शिंप्याच्या आईच्या हातचं जाडंभरडं खात मी वाढलो. लोक म्हणत, “हा दगडही पचवेल!” कौतुक त्याचं झालं. राबलो आम्ही.

पुढे आई गेली. दुकान वाढलं, जेवण शिलाई यंत्रावर वाकून होऊ लागलं. पांढरा पाव, बिस्किटं, सोललेलं सफरचंद. घरचं पीठही शिंपी स्वतः चाळू लागला आणि कोंडा शेजारणीच्या कोंबड्यांना घालू लागला. कोंबड्या धष्टपुष्ट झाल्या. आमच्याकडे सुतक फिटेना.

त्यात घसा दुखला म्हणून त्याने जंतू मारणाऱ्या गोळ्या घेतल्या. आठवड्यात निम्मं गोत गेलं. पोट बिघडलं. डॉक्टरीणबाईंनी चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूल दिल्या आणि बजावलं, “रोज एक घ्या. आणि त्यांना खायला चोथा घाला.” शिंप्याने पहिलं वाक्य ऐकलं.

पाहुणे आले, कोट्यवधी. आल्या आल्या विचारू लागले, “काका, पानं कधी मांडताय?” मी रिकामी चूल दाखवली. तिसऱ्या दिवशी बहुतेक वाहून गेले.

“औषधात दम नाही,” शिंपी म्हणाला.

“अहो, पाहुणे बोलवायचे, चूल पेटवायची नाही, वर त्यांनाच नावं ठेवायची?” बायको म्हणाली. “आज पीठ चाळू नका.”

“मी काय कोंबडी आहे कोंडा खायला?”

“कोंबडीचं पोट दुखत नाही!”

त्याने चाळलंच.

मित्रांनो, भूक वाईट. आतड्याच्या अस्तरावर एक बुळबुळीत थर असतो. आम्हांला अस्तरापासून लांब ठेवतो तो. पण तो खाता येतो. इतकी वर्षं मी त्याला तोंड लावलं नव्हतं. काल लावलं. आज शिंपी पोट दाबून विचारतोय, “आत कोण कुरतडतंय?”

मीच. आणि अजून पोट भरलेलं नाही.

तुमच्याही पोटात माझे भाऊबंद आहेत. ते चांगले आहेत एवढ्यावर निर्धास्त राहू नका. जेवलेत का, ते बघा.